एकटी कोंबडी

गेल्या वर्षी श्रावणात आईच्या परसात मुंगूस शिरलं. तीन रात्रींत सहापैकी पाच कोंबड्या गेल्या. उरली ती एक तांबूस कोंबडी, तीही खुराड्यात नव्हती म्हणून वाचली. ती त्या रात्री जांभळाच्या फांदीवर चढून बसली होती. पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. कोंबडी दिवसभर तिच्या मागे मागे फिरत होती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहत होती, दाणे टाकले तर दोन टिपून मान वर करून पाहत बसत होती. आई म्हणाली, "अरे, एवढं वाचतोस, तर सांग बघू. ही एकटी राहील का? का देऊन टाकू कुणाला?"

मी म्हणालो, "राहील की. कोंबडीच ती. दाणापाणी मिळालं म्हणजे झालं." उत्तर देऊन मोकळा झालो आणि नंतर ध्यानात आलं, की मला ते ठाऊक नव्हतं. आईला जे विचारायचं होतं ते दाण्यापाण्याबद्दल नव्हतंच. कोंबडीला कोंबडीची गरज असते का, असा तो प्रश्न होता. त्याचा माग काढत गेलो तेव्हा कळलं, की गेली दीडशे वर्षं काही माणसं अगदी याच प्रश्नाच्या मागे लागली आहेत. त्यांच्या उत्तरांत कोंबडी जेवढी आहे तेवढाच त्या त्या काळाचा समाजाविषयीचा विचारही आहे. हा लेख त्या शोधाविषयी आहे.

खाण्याआधीची कोंबडी

कोंबडी माणसाकडे आली ती एकटी आली नाही. आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून ती आली, हे चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात मांडलं होतं. आजचं जनुकशास्त्र त्याला मोठ्या प्रमाणात दुजोरा देतं. एक दुरुस्ती मात्र आपल्या जवळची आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर आपल्या सह्याद्रीत ओरडणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये दिसून आलं. पाळीव कोंबडीची आज मिळालेली सर्वांत जुनी खात्रीशीर हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची आहेत, इ. स. पू. १६५० ते १२५० च्या दरम्यानची. ज्यांनी ती तपासली त्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा अंदाज मांडला, की भाताच्या खाचरांतले सांडलेले दाणे टिपायला रानकोंबड्या आल्या आणि हळूहळू तिथेच राहिल्या. म्हणजे थवाच्या थवा शेताच्या बांधावर आला. एखादं पिल्लू धरून घरी आणलं, अशी ती सुरुवात दिसत नाही.

युरोपात कोंबडी पोचली ती इ. स. पू. ८०० च्या सुमारास. तिथे सुरुवातीची काही शतकं ती खाण्यासाठी नव्हतीच, असं त्या काळच्या दफनांवरून दिसतं. न कापलेल्या, अख्ख्या कोंबड्या जपून पुरलेल्या सापडतात. ज्युलियस सीझर ब्रिटनवरच्या स्वारीच्या वृत्तान्तात लिहितो, की तिथले लोक ससा, कोंबडी आणि हंस खाणं निषिद्ध मानतात, पण मनाच्या विरंगुळ्यासाठी हे प्राणी पाळतात. 'हौसेची कोंबडी' ही शहरी माणसांनी काल-परवा काढलेली टूम नव्हे.

आपल्याकडे कोंबडीविषयीचा जुना विचार भक्ष्य-अभक्ष्याच्या अंगाने गेला. मनुस्मृतीने द्विजांना गावकोंबडा वर्ज्य केला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी हेच उदाहरण व्याकरणासाठी वापरलं आहे. गावकोंबडा खाऊ नये असं म्हटलं, की रानातला खाल्ला तर चालतो हे आपोआप कळतं, असा त्याचा मुद्दा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कोंबड्याच्या शुभाशुभ लक्षणांवर एक अध्याय आहे. कोंबडा कसा ओरडतो, कसा दिसतो, कसा झुंजतो, हे सगळं पाहिलं गेलं. मात्र या ग्रंथांत कोंबडी आहे ती माणसाच्या ताटापुरती, शकुनापुरती नाहीतर झुंजीपुरती. दुसऱ्या कोंबडीशी तिचं काय नातं, हा त्यांचा विषय नव्हता. तसं विचारायचं कारणही नव्हतं. गावात कोंबडी कधी एक नसतेच. एखादीवर डालगं पालथं घातलं, तरी बाहेर तिच्या चार बहिणी उकरत असतात.

डोळे झाकलेली पिल्लं

पिल्लाला सोबतीची ओढ जन्मतः असते की ते ती शिकतं, हे करून पाहणारा पहिला माणूस स्कॉटलंडचा डग्लस स्पाल्डिंग. ॲबर्डीनमध्ये तो छपरांवर पाट्या बसवण्याचं काम करी आणि अलेक्झांडर बेन या तत्त्वज्ञाची व्याख्यानं ऐकायला जाई. त्याला क्षय होता. पुढे तो बर्ट्रांड रसेलच्या आईवडिलांच्या घरी शिक्षक म्हणून राहिला. तिथल्या रसेलच्या थोरल्या भावाला तो शिकवत असे.

१८७३ मध्ये 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये त्याचा लेख छापून आला. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लांच्या डोळ्यांवर त्याने लगेच लहानशा टोप्या चढवल्या होत्या आणि एकेक दोन दोन दिवसांनी त्या काढून पिल्लं काय करतात ते पाहिलं होतं. त्याला दिसलं असं, की नुकतं डोळे उघडलेलं पिल्लू कोणत्याही हलत्या वस्तूमागे चालू लागतं. ती कोंबडी असो, बदक असो की माणूस, त्याला फरक पडत नाही. काही पिल्लांच्या टोप्या मात्र त्याने जवळजवळ चार दिवस ठेवल्या. त्या काढताच पिल्लं त्याला पाहून घाबरून पळत सुटली. आदल्या दिवशी टोपी काढली असती तर हेच पिल्लू माझ्याकडे धावत आलं असतं, अशी त्याने नोंद केली. सोबतीची ओढ उपजत असते. सोबती कोण, हे मात्र पहिल्या काही दिवसांत ठरतं आणि ती वेळ टळली की दार बंद होतं.

स्पाल्डिंग १८७७ मध्ये गेला आणि त्याचं काम विस्मरणात गेलं. ते पुन्हा उजेडात आणलं जे. बी. एस. हाल्डेन यांनी, १९५४ मध्ये तो लेख पुन्हा छापवून. हाल्डेन त्यानंतर तीनच वर्षांत भारतात आले आणि इथलेच झाले.

आईची कोंबडी तिच्या मागे मागे का फिरत होती, याचं उत्तर मला आधी इथे सापडल्यासारखं वाटलं. पण ती आईच्या हातावर वाढलेली नव्हती. कोंबडीखालीच उबलेली, परसात वाढलेली होती. पाच जणी असताना तिने आईकडे दाण्याच्या वेळेखेरीज कधी पाहिलंही नव्हतं.

टोचण्याची उतरंड

थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे १८९४ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत जन्मला. आई आणि वडील दोघेही शिल्पकार. लहानपणी उन्हाळ्यात शहराबाहेरच्या घरी राहायला गेल्यावर तिथल्या कोंबड्यांचा त्याला लळा लागला, आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास तो त्यांच्या नोंदी ठेवू लागला. प्रत्येक कोंबडीला नाव होतं. कुणी कुणाला टोचलं, कोण कुणासमोर बाजूला झालं, हे तो वहीत उतरवत गेला. १९१३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षाच्या आतबाहेर, कोंबड्यांच्या आवाजांवरचा त्याचा पहिला लेख नॉर्वेजियन नियतकालिकात आला. १९२२ मध्ये पाळीव कोंबडीच्या सामाजिक मानसशास्त्रावरचा त्याचा जर्मन निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याने प्राण्यांच्या समाजाकडे पाहण्याची रीतच बदलली.

त्याचा शोध एका ओळीत सांगता येतो. कोंबड्यांच्या कळपात कोणत्याही दोघी घ्या, त्यातली एक दुसरीला टोचू शकते आणि दुसरी उलट टोचत नाही. हे दोघींत एकदा ठरतं, बहुधा पहिल्या भेटीतच, कधी झुंजून आणि कधी एकीने नुसती मान वळवून. ठरलं की मग रोज भांडावं लागत नाही. दहा कोंबड्यांत अशा पंचेचाळीस जोड्या होतात, आणि प्रत्येक कोंबडीला आपल्या नऊ जोड्या पाठ असतात. सगळं मांडलं की बहुधा उतरंड तयार होते. सगळ्यांत वरची सगळ्यांना टोचते, सगळ्यांत खालची कुणालाच नाही. मात्र उतरंड दर वेळी सरळ नसते, हेही त्यानेच दाखवलं. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी पुन्हा पहिलीवर वरचढ, असे तिढे त्याला सापडले. कोंबडीत जरा जरी ताकदीचं सरळ गणित असतं, तर असं होऊ शकलं नसतं. यात ओळख आहे, आठवण आहे, पहिल्या भेटीच्या दिवशी कोण आजारी होतं आणि कोण आपल्या अंगणात होतं हेही आहे.

आज जगभरच्या कचेऱ्यांत वरिष्ठ-कनिष्ठांविषयी बोलताना हा 'टोचण्याचा क्रम' सर्रास येतो. तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यामागे एका मुलाची वही आहे हे माहीत असेल.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. विद्यापीठात त्याला क्रिस्टीन बोनेव्ही यांचा आधार होता. त्या नॉर्वेच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. त्यांची टिंगल करणारा एक निनावी लेख वर्तमानपत्रात आला, संशय शेल्डरुप-एब्बेवर गेला आणि तो आधार तुटला, अशी हकिकत त्याच्या मुलाकडून पुढे आली आहे. मायदेशाने त्याला डॉक्टरेट दिली नाही आणि ज्या विषयाचा पाया त्याने घातला त्या विषयात विद्यापीठाची स्थिर जागाही त्याला लाभली नाही. बाहेर कीर्ती होती, घरी उतरंडीच्या तळाशी जागा होती. १९३५ मध्ये सामाजिक मानसशास्त्राच्या एका अमेरिकी संदर्भग्रंथात त्याने लिहिलेलं प्रकरण वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. हुकूमशाही हे जगाच्या मुळाशी असलेलं तत्त्व आहे, सगळ्या सजीवांत कुणीतरी दाबणारा आणि कुणीतरी दबणारा असतोच, असा त्याचा निष्कर्ष आहे. वर्ष १९३५, ठिकाण युरोप. कोंबड्यांच्या अंगणात त्याला जे दिसलं त्यात त्याचं स्वतःचं आयुष्य आणि त्याचा काळ किती मिसळला होता, हे वेगळं काढणं अवघड आहे.

त्याचं हे चित्र पूर्ण मानलं, तर आईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. कोंबडीला कोंबड्यांची गरज नाही, उलट एकटी कोंबडी सुटली म्हणायची. तिला टोचणारं कुणी उरलं नाही. एकटा जीव सदाशिव.

पोट भरलेली कोंबडी पुन्हा का खाते

पण त्याच वर्षांत दुसऱ्या काही नोंदी होत होत्या. १९२९ मध्ये बायर या जर्मन अभ्यासकाने एक साधा प्रयोग केला. एका कोंबडीसमोर गव्हाची रास ठेवली आणि ती पोट भरून थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तिथे भुकेली कोंबडी सोडली. भुकेली खाऊ लागली आणि पोट भरलेलीही पुन्हा खाऊ लागली. दाणे तेच होते आणि पोटही तेच होतं. बदलली होती ती फक्त सोबत.

एस्टोनियात जन्मलेले जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन युक्सकुल यांनी १९३४ च्या आपल्या पुस्तकात कोंबडीचा आणखी एक प्रयोग सांगितला आहे. पिल्लाचा पाय खुंटीला बांधून ते कुंपणाआड ठेवलं, की त्याचं चिवचिवणं ऐकून आई पिसं फुलवून धावून जाते, पिल्लू दिसत नसलं तरी. तेच पिल्लू काचेच्या हंडीखाली ठेवलं, तर ते तडफडताना तिला समोर दिसतं, पण आवाज येत नाही आणि ती ढुंकूनही पाहत नाही. युक्सकुलांना दाखवायचं होतं, की प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या इंद्रियांनी आखलेलं असतं. कोंबडीच्या जगात पिल्लू म्हणजे आधी त्याचा आवाज.

युक्सकुलांच्या सत्तराव्या वाढदिवसाला कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये एक प्रदीर्घ निबंध अर्पण केला. त्याच्या शीर्षकातच 'पक्ष्याच्या जगातला सोबती' आहे. त्यांचं म्हणणं असं, की आपण ज्याला एक 'सोबती' समजतो तो पक्ष्यासाठी वेगवेगळ्या कामांचा वेगवेगळा सोबती असतो. आईबापाच्या नात्याचा एक, जोडीदारीचा एक, भावंडांचा एक, थव्यातला एक. माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला माणूस यातला एखादा सोबती वाटू शकतो, पण सगळे नव्हे. घरात पाळलेल्या एकट्या कोंबडीचा प्रश्न मला इथे पहिल्यांदा नीट मांडलेला दिसला. माणूस तिला दाणा देईल, मांडीवर घेईल. पण तो दुपारी तिच्याशेजारी मातीत लोळणार नाही. घार दिसताच तिच्या भाषेत ओरडणार नाही. रात्री दांडीवर तिला खेटून बसणार नाही. कोंबडीचा दिवस ज्या गोष्टींनी भरलेला असतो, त्यातल्या बहुतेक ती इतरांबरोबर, इतरांना पाहून करते.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात वॉर्डर क्लाइड ॲली त्याच उतरंडीकडे उलट्या बाजूने पाहत होते. ॲली क्वेकर पंथाचे, शांततावादी. प्राणी एकत्र राहतात त्यातून त्यांना काय मिळतं, हा त्यांच्या आयुष्याचा विषय. ए. एम. गूल यांच्यासोबत त्यांनी कोंबड्यांचे दोन प्रकारचे कळप तयार केले. एकात त्याच त्या कोंबड्या कायम राहत. दुसऱ्यात ठरावीक काळाने जुन्या काढून नव्या सोडल्या जात, म्हणजे उतरंड सतत मोडत राही. १९४४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. स्थिर कळपातल्या कोंबड्या कमी टोचत, जास्त खात आणि त्यांची वजनं चांगली राहत. शेल्डरुप-एब्बेला जी जुलमाची शिडी दिसली होती, ती ॲली आणि गूल यांना भांडणं मिटवण्याची व्यवस्था दिसली.

दोघांच्या अंगणातल्या कोंबड्या सारख्याच होत्या. मला वाटतं, दोघंही खरं बोलत होते. गावकीत, भावकीत राहिलेल्या माणसाला हे पटायला प्रयोग लागत नाहीत. ज्या घरात सासू बोलते, जाऊ टोमणे मारते, त्याच घरात बाळंतपणाला पहिली धावतेही तीच. उतरंड आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

रान, बेट आणि खुडूक कोंबडी

माणसाने बनवलेल्या अंगणातल्या कोंबड्यांवरून किती सांगता येईल, अशी शंका कुणी घेईल. म्हणून निकोलस आणि एल्सी कोलियास हे दांपत्य उत्तर भारतातल्या जंगलात तांबड्या रानकोंबड्यांच्या मागावर आलं. त्यांचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. रानातही त्यांना लहान लहान टोळ्या दिसल्या, रात्रीच्या ठरलेल्या झाडांवर एकत्र बसणाऱ्या. दुसरीकडे ग्लेन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या प्रवाळ बेटावर, माणसाने सोडून दिलेल्या आणि पुन्हा रानटी झालेल्या पाळीव कोंबड्यांचा अभ्यास केला. तो १९६९ चा. तिथेही कोंबड्यांनी पुन्हा कळप बांधले होते, एकेका कोंबड्याच्या हद्दीत. पिंजरा नाही, दाणे टाकणारा हात नाही, तरी त्या एकत्र आल्या.

मात्र एक अपवाद होता. अंड्यांवर बसलेली आणि नंतर पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी कळपापासून वेगळी होई, इतरांना टाळी. आपल्याकडे प्रत्येक शेतकरी बाईला हे ठाऊक आहे. खुडूक झालेली कोंबडी कोपरा धरते, जवळ गेलं तर पिसं फुलवून गुरगुरते, दिवसातून एकदाच उठते. तिला त्या दिवसांत कुणी नको असतं. पण हा एकांत रिकामा नसतो. पोटाखालची अंडी फुटायच्या आधीच आतली पिल्लं चिवचिवू लागतात आणि ती त्यांना उत्तर देते. कोंबडी कधी एकटी राहू शकते, याचं हे निसर्गाचं उत्तर आहे. पुढची सोबत पोटाखाली असेल तेव्हा.

दुरावा कुठे दुखतो

एवढ्यावरून कोंबडी सोबत शोधते हे ठरलं. ती नसली तर तिला काही वाटतं का, हे उरलं. कळपातून वेगळं काढलेलं पिल्लू मोठ्याने, लांब स्वरात चिवचिवत राहतं. ऊब दिली तर थोडं थांबतं, दुसरं पिल्लू जवळ ठेवलं तर पुष्कळ थांबतं, समोर आरसा ठेवला तरी आवाज कमी होतो. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये याक पँकसेप यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की मेंदूत तयार होणाऱ्या, अफूसारखं काम करणाऱ्या द्रव्यांची अगदी थोडी मात्रा दिली तर एकट्या पिल्लाचं हे रडणं कमी होतं. अंगावरची जखम शमवणारी जी रसायनं, तीच दुराव्याचं रडणंही शमवतात. पँकसेप यांचा निष्कर्ष असा, की सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत सोबत तुटण्याचं दुःख शारीरिक वेदनेच्याच जुन्या वाटेने जातं. 'ताटातुटीची कळ' असं आपण म्हणतो ते नुसतं बोलणं नसावं.

इथे हुरळून जाऊ नये म्हणून दोन प्रयोग शेजारी ठेवतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात २०११ मध्ये कोंबडीच्या डोळ्यांदेखत तिच्या पिल्लांवर हवेचा हलका फवारा मारला. पिल्लांना त्रास होताना पाहून आईची छाती जोरात धडधडू लागली, डोळ्याभोवतालचं तापमान उतरलं, ती पिल्लांना हाका मारू लागली. पुढच्याच वर्षी त्याच गटाने पिल्लांऐवजी ओळखीची मोठी कोंबडी ठेवली. तेव्हा पाहणारीवर असा काही परिणाम दिसला नाही. मैत्रिणीला फवारा बसला म्हणून कोंबडी कळवळत नाही. कोंबड्यांची सोबत आपल्या मैत्रीसारखी समजणं चूक ठरेल. त्यात कळवळा कमी आणि सवय, सावधपणा, एकत्र असण्याची निश्चिंती जास्त आहे. पण निश्चिंती ही लहान गोष्ट नाही. चार जणी असल्या की एक मान वर ठेवते आणि बाकीच्या मान खाली घालून उकरतात. एकटीला दोन्ही कामं स्वतःच करावी लागतात. दोन दाणे टिपून मान वर करून पाहणारी आईची कोंबडी मला इथे समजली. ती रुसलेली नव्हती, पहाऱ्यावर होती. आईच्या मागे फिरत होती ती माया लागली म्हणून नव्हे, तर आसपास दुसरी जागती नजर तेवढीच उरली होती म्हणून.

गर्दीतही एकटी

सोबत म्हणजे गर्दी नव्हे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने शिकवलं. रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या पुस्तकाने इंग्लंडमधल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांकडे लोकांचं लक्ष वेधलं. सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमली, तिचा अहवाल १९६५ मध्ये आला. त्यातून पुढे पाळीव जनावरांच्या 'पाच स्वातंत्र्यां'ची यादी घडली. त्यातल्या स्वाभाविक वर्तनाच्या स्वातंत्र्यात ब्रिटनच्या शेती-पशुकल्याण परिषदेने तीन गोष्टी घातल्या: पुरेशी जागा, योग्य सोयी आणि स्वतःच्या जातीच्या प्राण्यांची सोबत. आईचा प्रश्न तिथे सरकारी कागदावर आला आणि त्याचं उत्तर 'हो' असं लिहिलं गेलं. युरोपीय संघात कोंबड्यांचे जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. आपल्याकडे ही पाच स्वातंत्र्यं ठळकपणे आली ती ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, ज्याने जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. शर्यतींचा वाद पुढे चालला आणि कायदे बदलून त्या पुन्हा सुरूही झाल्या. त्या गदारोळात पाच स्वातंत्र्यांचा मुद्दा कुणी फारसा वाचला नाही.

पिंजऱ्यात तीन-चार कोंबड्या एकत्र असतात, तरी खालच्या कोंबडीला वरचीपासून सरकायला जागा नसते. उतरंड भांडण मिटवते, पण मान वळवून दोन पावलं दूर जाता आलं तरच. हजारो कोंबड्यांच्या मोकळ्या शेडमध्ये दुसरंच घडतं. एवढ्या जणींना ओळखून ठेवणं शक्य नसतं, म्हणून कोंबड्या उतरंड लावायचंच सोडून देतात. समोरचीचा तुरा किती मोठा एवढं पाहून वाट देतात किंवा घेतात. टोचाटोची कमी होते, ओळखही. शहरात राहायला गेलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही.

दोन तलंगा

हे सगळं वाचून मी आईला फोन केला आणि आधीचं उत्तर मागे घेतलं. तिला सांगितलं, एकटी जगेल, पण ते नुसतं जगणं होईल. तिला सोबत हवी, मात्र एक कोंबडी आणून तिच्यात सोडू नकोस. नवी आली की पुन्हा सगळं ठरवावं लागतं, आणि एकीला एकटीच सापडली की ती टोचून टोचून जीव घेते. दोघी आण म्हणजे टोचणं वाटलं जाईल. आणि लगेच एकत्र करू नकोस. दिसू देत, ऐकू येऊ देत, पण मध्ये जाळी असू दे.

आई म्हणाली, "ते काय सांगायला पाहिजे? माझी सासू नवी कोंबडी आणली की आठ दिवस डालग्याखाली ठेवायची अंगणात. जुन्या येऊन बाहेरून बघायच्या. मग सोडायची, तीही संध्याकाळी अंधार पडताना, खुराड्यात." अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून रात्री भांडण होत नाही आणि सकाळी सगळ्या एकत्रच उठतात. गूल आणि ऑर्टमन यांनी १९५३ मध्ये प्रयोगाने दाखवलं, की कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून आणि मानेवरून, म्हणजे नजरेने ओळखतात. दोन-तीन आठवडे एकमेकींपासून दूर ठेवल्या तर ओळख पुसली जाते, हेही त्या काळच्या अभ्यासकांना माहीत झालं होतं. माझ्या आजीला यातलं काही वाचायला मिळालं नव्हतं. तिच्याकडे डालगं होतं आणि तिन्हीसांजेची वेळ.

"मग तुला हे माहीत होतं, तर मला विचारलंस कशाला?" मी म्हणालो.

आई थोडा वेळ गप्प राहिली. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "तुझं काय मत आहे ते बघत होते," ती म्हणाली.

बाजारातून दोन तलंगा आल्या. खुराड्याच्या फटी पत्र्याने बुजवल्या. नऊ दिवस त्या डालग्याखाली होत्या. दहाव्या दिवशी अंधार पडल्यावर आत गेल्या. तांबडीने पहिले तीन-चार दिवस दोघींना चांगलंच टोचलं, मग थांबली. आता ती दाणे टिपताना मान वर करत नाही, असं आई सांगते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही येत नाही.

दिवाळीला मी यंदा चार दिवस आधीच गावी जाणार आहे.